ठुबेसाहेबांचा डबा

ठुबेसाहेबांना कुणी "कंपनी धरू की स्टार्टअप?" असं विचारलं, की ते आधी त्याच्या घरातल्या माणसांची चौकशी करायचे. आई आहे का, वडील काय करतात, आजारी कोण आहे, बहिणीचं लग्न झालं का, दोन महिने पगार नाही आला तर जेवायला कुणाकडे जाशील. पोरगं बिचारं ग्रोथ, एक्स्पोजर, पॅकेज असले शब्द घोकून आलेलं असायचं, आणि साहेब विचारायचे, "आजीला शुगर आहे का रे?"

हा दरबार भरायचा आमच्या कंपनीच्या गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर. नगरची नागापूर एमआयडीसी, संध्याकाळी पाचला शिफ्ट सुटल्यापासून भिंगारची बस निघेपर्यंतची पंधरा-वीस मिनिटं. आसपासच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत कुणीतरी बातमी पसरवली होती की इथले एक साहेब खरं सांगतात. मग शेवटच्या वर्षाची पोरं मोटरसायकलवर तिघं-तिघं बसून यायची. साहेब चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून ऐकायचे आणि शेवटी कुणाला म्हणायचे "तू कंपनी धर", कुणाला म्हणायचे "तू जा, आपटलास तरी उठशील". कारण सांगायचे नाहीत. फार खोदलं तर म्हणायचे, "नो-लोडवर सगळ्याच मोटरी गोड फिरतात. लोड टाकल्यावर कळतं."

आम्ही पाण्याच्या पंपांच्या मोटरी बनवायचो. मोटरीला काहीही न जोडता नुसती फिरवली की तो नो-लोड. पंप जोडला, पाणी खेचायला लावलं की लोड. साहेब टेस्टिंग लॅबचे प्रमुख, आणि जगातली प्रत्येक गोष्ट ते या दोनच खणांत टाकायचे. नवा जावई नो-लोडवर, नवा मंत्री नो-लोडवर. मी लॅबमध्ये आले त्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाले, "बघू, लोडवर काय करते ही नेवाशाची बाई." मला असला राग आला! माझे वडील नेवाशात हायस्कूलला शिक्षक, मी कॉलेजात पहिली आलेली, आणि हा पारनेरकडचा पन्नाशीला टेकलेला, चष्म्याची काडी तारेने बांधलेला माणूस मला मोटरीच्या रांगेत उभं करतोय.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात एक लांब स्क्रू-ड्रायव्हर दिला. टोक चालत्या मोटरीला, मूठ कानाला. "काय ऐकू येतं?"

"आवाज."

"आवाज मलाही येतोय. कुणाचा?"

तीन दिवस मी कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावून उभी होते. येणारे-जाणारे हसायचे. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "मागचं बेअरिंग कोरडं पडलंय."  साहेबांनी मोटर उघडली, बघितलं, आणि टेस्ट रिपोर्टवर लिहिलं: निरीक्षण, कु. वैशाली. पुढे हजार मोटरींच्या रिपोर्टात माझं नाव आलं, पण पहिल्यांदा आलं ते तिथे. शाबासकी वगैरे त्यांच्याकडे मिळायची नाही, त्यांच्याकडे नोंद मिळायची.

त्या टेस्ट रिपोर्टाचं त्यांना वेड होतं. तारीख, व्होल्टेज, खोलीचं तापमान, निरीक्षण, सही. एक खण रिकामा राहिला तरी त्यांना घास जात नसे. छापताना चुकलेले, रद्दीत निघालेले कोरे फॉर्म ते स्टोअरच्या परवानगीने घरी न्यायचे आणि घरच्या वस्तूंचे रिपोर्ट काढायचे. त्यांच्या भिंगारच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा फ्रिजवर मॅग्नेटखाली मिक्सरचा टेस्ट रिपोर्ट लावलेला. चटणीचं भांडं, खोबरं, तीन मिनिटं, तापमान समाधानकारक. मी हसून लोटपोट. सुमनकाकू, म्हणजे साहेबांच्या मिसेस, पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "हसतीस काय? लग्नाच्या टायमाला माझा न्हाई काढला रिपोर्ट. काढला असता तर नापास झाले असते मी." साहेब खाली मान घालून जेवत राहिले. मला वाटलं, नवरा-बायकोची नेहमीची थट्टा असेल.

दुसऱ्या वर्षी मला पुण्याच्या एका स्टार्टअपमधून बोलावणं आलं. आठ-नऊ माणसं, एक भाड्याचा फ्लॅट, आणि काम असं की वाचूनच माझ्या हाताला खाज सुटली. मी टपरीवर साहेबांना विचारलं. माझा दरबार दोन मिनिटांत आटोपला. आई-वडील धडधाकट, भाऊ नोकरीला, अंगावर जबाबदारी नाही.

"तू जा," ते म्हणाले.

आणि माझं डोकं सटकलं. काय झालं कुणास ठाऊक, भर टपरीवर मी त्यांना म्हटलं, "आणि तुम्ही, साहेब? तेवीस वर्षं एकाच बेंचवर? आम्हाला सांगता जा जा, आणि स्वतः पाच वाजता बस पकडता. तुम्ही का नाही गेलात कुठे?"

 साहेबांनी ग्लास खाली ठेवला. म्हणाले, "मंगळवारी अर्धी रजा टाक. माझ्याबरोबर ये."

मंगळवारी ते मला सावेडीतल्या एका हॉस्पिटलात घेऊन गेले. डायलिसिसच्या खोलीत सहा पलंग, तिसऱ्यावर सुमनकाकू. दंडाला नळ्या, शेजारी मशीन. मला बघून त्या म्हणाल्या, "आलीस व्हय? बस. चार तास कुनी बोलाया नसतं." साहेब मशीनजवळ उभे राहून कान देऊन ऐकत होते. मग तिथल्या टेक्निशियनला म्हणाले, "याच्या छोट्या पंपाचं बेअरिंग जायला लागलंय. महिनाभर काढेल." टेक्निशियन म्हणाला, "कंपनीचा माणूस येतो सर, तो बघेल." साहेबांनी मान हलवली, पण हात दोन्ही मागे बांधून ठेवले होते, जणू सुटले तर ते मशीन उघडतीलच.

बाहेर पायरीवर त्यांनी मला सांगितलं. आठवड्यातून दोनदा, मंगळवार आणि शुक्रवार, आठ वर्षं. सगळं कंपनीच्या मेडिक्लेमवर. "मी गेटाबाहेर पडलो की ही पॉलिसी बंद. आणि या दुखण्यावर नवी कोण देणार हिला? कोणी देत नाही. मी विचारून बघितलंय, सगळीकडे." मग म्हणाले, "म्हणून पोरांच्या घरची माणसं विचारतो मी. पगार काय, कुठेही मिळतो."

मी त्यांची माफी मागितली. आणि पुण्यालाही गेले नाही. कारण विचारू नका. त्यांच्याकडे न जाण्याला कारण होतं, माझ्याकडे नुसती भीती होती.

आता डब्याचं सांगते. आमच्याकडे खेड्यात लाइट कधी तीनपैकी दोनच फेजवर येते, कधी व्होल्टेज इतकं पडतं की मोटर नुसती घुमत राहते आणि जळते. मग ती विहिरीतून वर काढा, टेम्पोत घाला, वाइंडिंगवाल्याकडे न्या, आठ दिवस पाण्याची बोंब. साहेबांनी घरच्या गॅलरीत, गावाकडची जुनी मोटर आणून, सुट्टीच्या दिवशी बसून एक यंत्र केलं होतं. मोटरीकडे जाणारी वीज ते सतत जोखायचं, मोटर आजारी पडायला लागली की जळण्याआधी बंद करायचं आणि मालकाच्या मोबाईलवर मिस्ड कॉल द्यायचं. असली यंत्रं बाजारात होती, पण ती मोटर अडचणीत आल्यावरच वीज तोडायची. साहेबांचं दोन-तीन दिवस आधीच इशारा द्यायचं. ते सगळं त्यांनी बसवलं होतं काकूंच्या एका जुन्या स्टीलच्या जेवणाच्या डब्यात. म्हणून त्याचं नाव डबा.

कंपनीच्या सूचना योजनेत त्यांनी तो दोनदा दिला. दोन्हीदा "आपल्या उत्पादनांत बसत नाही" असा शेरा आला, आणि दुसऱ्या वेळी सोबत एक भिंतीवरचं घड्याळ. साहेबांनी घड्याळाचाही रिपोर्ट काढला. रोज चार मिनिटं मागे.

डबा खऱ्या अर्थाने ओळखला तो अक्षयने. अक्षय गुंजाळ, साहेबांच्याच तालुक्यातला, आमच्या लॅबमध्ये वर्षभर ट्रेनी होता. वर्ष संपलं, कंपनीने त्याला परमनंट केलं नाही, तेव्हा पठ्ठ्याने केडगावला एक पत्र्याचं शेड भाड्याने घेतलं आणि दोन मित्रांना घेऊन कंपनी काढली. काय बनवायचं ते ठरलेलं नव्हतं. ते ठरलं साहेबांच्या गॅलरीत, डबा बघून.

पण साहेब त्याच्याकडे कसे ओढले गेले, ते एका सोयरिकीमुळे. अक्षयला नेवासा तालुक्यातली एक मुलगी सांगून आली. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं, फक्त मोठ्यांची बैठक बाकी. अक्षयला वडील नाहीत, म्हणून मोठं माणूस म्हणून त्याने साहेबांना नेलं. आणि तालुका माझा म्हणून मला. ओसरीवर सतरंजी, पोह्यांच्या बशा, आणि मुलीचे मामा. पांढरी टोपी, खणखणीत आवाज. मामांनी थेट विषयाला हात घातला.

"कंपनीला गेट हाय का?"

अक्षय म्हणाला, "नाही. शेड आहे."

"बस येती का न्यायाला?"

"नाही."

"कँटीन?"

"डबा नेतो घरून."

"मंग सकाळच्या पारी पोरगा जातो तरी कुटं?" सगळी ओसरी हसली. अक्षयचे कान लाल झाले. मामा साहेबांकडे वळले. "साहेब, तुमी मोठ्या कंपनीतले. तुमी सांगा. ह्याची ही कंपनी टिकंल का?"

मी साहेबांना कोपराने ढोसलं. एक "टिकेल की" म्हणायला काय जात होतं? सुपारी फुटली असती तिथल्या तिथे. पण हा माणूस! त्याने पोह्याची बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "सांगता येत नाही, मामा. पोरगा टिकेल. कंपनीचं दोन वर्षं लोड बघितल्याशिवाय मी सांगणार नाही."

मामा उठले. नमस्कार केला, अगदी मानाने. "परमनंट झाला की या म्हनावं. पोरगी आमची कुटं पळून चालली न्हाई."

परतीच्या वाटेवर गाडीत मी साहेबांना चांगलं फैलावर घेतलं. अक्षय मात्र चिडला नव्हता. गाडी चालवता चालवता तो म्हणाला, "सर, तुम्ही खोटं बोलला नाहीत ते बरं झालं. पण तुम्ही माझ्याकडे आलात ना, तर टिकेल. तुम्ही या. पार्टनर म्हणून या. डबा तुमचाच आहे." साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. घोडेगाव गेलं, पांढरीपूल गेला.

पुढचे दोन महिने हा माणूस माणसांत नव्हता. लॅबमध्ये रिपोर्टाचे खण रिकामे राहायला लागले. टपरीवर पोरं आली की म्हणायचे, "आज नको." एकदा मी घरी गेले तेव्हा काकूच म्हणाल्या, माझ्यासमोर, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने, "सुई माझ्या दंडाला हाय. बेडी ह्यांनी आपल्या पायात घालून घेतली. मी म्हनते जावा. जे व्हायचं ते हुईल." साहेब आतून म्हणाले, "काय व्हायचं ते मला माहीत आहे. डॉक्टरांनी सांगितलंय किती दिवसांत होतं ते."  मी पिशवी उचलून निघाले.

शेवटी त्यांनी मधली वाट काढली. अक्षयला म्हणाले, "फक्त रविवारी येईन. पैसा घेणार नाही. आणि माझं नाव कुठल्याही कागदावर नको." अक्षयने त्यांच्या गळ्याची शपथ घेतली.

ते रविवार मी बघितलेत. केडगावच्या त्या तापलेल्या शेडमध्ये साहेब बनियनवर उभे राहून अक्षरशः ओरडायचे. लॅबमध्ये ज्यांचा आवाज चार फुटांवर जायचा नाही, ते तिथे टेबलावर थाप मारून "अरे हो की! हो की रे!" म्हणायचे. जेवणाची शुद्ध नसायची. दुपारी काकूंचा फोन आला की दचकायचे. पारनेरकडच्या दहा विहिरींवर दहा डबे बसले. पहिल्या महिन्यात एका डब्याने मोटर वाचवली तेव्हा त्या शेतकऱ्याने शेडवर कलिंगडांचं पोतं आणून टाकलं. साहेबांनी एक कलिंगड काखेत मारून बसमधून भिंगारला नेलं. आधीच्या वर्षांचं मी सांगू शकत नाही, पण माझ्या तीन वर्षांत मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं.

आणि प्रत्येक डब्याचा टेस्ट रिपोर्ट, अर्थातच. तारीख, व्होल्टेज, तापमान, निरीक्षण. सही मात्र नाही. नाव नको होतं ना. कागद कुठला, तर घरी नेलेली तीच रद्दी, आमच्या कंपनीचे छापील फॉर्म. माथ्यावर कंपनीचं बोधचिन्ह. साहेबांच्या हे डोक्यातही आलं नाही. त्यांच्या लेखी रिपोर्टाचा फॉर्म असाच असतो, सूर्य जसा गोल असतो तसा. अक्षयने ते दहाही कागद शेडच्या भिंतीवर ओळीने चिकटवले, आलेल्या गिऱ्हाइकाला भरवसा वाटावा म्हणून.

मग शेडमध्ये सत्यनारायण आणि रीतसर उद्घाटन ठरलं. साहेबांनी "कागदावर नाव नको" म्हटलं होतं आणि अक्षयने ते शब्दशः पाळलं. त्याने फ्लेक्स छापला.

आमच्याकडे काही झालं की फ्लेक्स लागतो. वाढदिवस, निवड, पोराला नोकरी, म्हशीला बक्षीस. अक्षयच्या दोन मित्रांना तर फ्लेक्सशिवाय उद्घाटन म्हणजे मुंडावळ्यांशिवाय लग्न वाटत होतं. सोमवारी सकाळी एमआयडीसीच्या चौकात, जिथे सगळ्या कंपन्यांच्या बसेस वळतात, तिथे दहा फुटी फ्लेक्स उभा. मध्ये साहेबांचा फोटो, लॅबच्या ओळखपत्रावरचाच मोठा केलेला, तारेने बांधलेल्या चष्म्यासकट. "आमचे दैवत, डब्याचे जनक, मा. ठुबेसाहेब," आणि खाली कंसात आमच्या कंपनीचं नाव.

बस वळली. आधी कुणीतरी शिट्टी मारली, मग टाळ्या. लोक म्हणाले, "साहेब, पेढे!" साहेब उठून उभे राहिले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "थांबव." पण तिथे बस थांबत नाही. ते दांडीला धरून उभेच राहिले, कंपनीच्या गेटापर्यंत. मी त्यांच्या मागच्या सीटवर होते. त्यांची मान मला दिसत होती.

गंमत अशी की प्लँटचे प्रमुख देशमाने अजिबात रागावले नाहीत. सज्जन माणूस. त्यांना वाटलं आपल्या माणसाने कुठल्या पोरांना मार्गदर्शन केलंय, कौतुक करावं. संध्याकाळी जाता जाता ते स्वतः पेढे घेऊन केडगावच्या शेडवर गेले. अक्षयने हौसेने सगळं दाखवलं. देशमाने भिंतीपाशी थांबले, चष्मा लावला, आणि दहाही रिपोर्ट एकामागून एक वाचले. पेढ्यांचा पुडा हातातच राहिला, असं अक्षय नंतर सांगायचा.

आठ दिवसांनी चौकशी बसली. कंपनीने एक कागद तयार केला होता. त्यावर साहेबांच्या नावाने लिहिलेलं: डबा मी कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या लॅबमध्ये, कंपनीच्या साधनांनी बनवला. तो कंपनीचा आहे. बाहेर बसवलेले सगळे परत आणून देईन. सही केली तर प्रकरण मिटलं. नाही केली तर कामावरून कमी. मेडिक्लेमचं कुणी नावही काढलं नाही. काढायची गरज नव्हती.

मलाही बोलावलं. एचआरच्या मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवून गोड आवाजात विचारलं, "हे काम लॅबमध्ये व्हायचं का? तुम्ही तर शेजारच्याच बेंचवर असता."

त्या डब्यातला एक स्क्रूसुद्धा लॅबमध्ये पिळला गेला नव्हता. हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "मला नक्की सांगता येणार नाही." एवढंच म्हटलं. माझ्या जबाबाचा कागद पुढे सरकला, मी सही केली आणि लॅबमध्ये येऊन बसले. तिथे तुला काय विचारलं, असं साहेबांनी मला विचारलं नाही. त्यांनी विचारावं असं मला फार वाटत होतं. आजही स्वतःची चीड येते ती याच गोष्टीची.

साहेबांनी शुक्रवारपर्यंत मुदत मागितली. गुरुवारी संध्याकाळी अक्षय टपरीवर आला. साहेबांनी त्याच्या घरच्यांचं काही विचारलं नाही, माहीतच होतं. अक्षय म्हणाला, "सर, तुम्ही सही करू नका. आपण कोर्टात जाऊ. डबा घरी झालाय, वैशालीताई सांगतील." मी टपरीच्या खांबाकडे बघत राहिले. साहेब म्हणाले, "किती दिवस चालेल कोर्ट?" अक्षय बोटांवर वर्षं मोजायला लागला. साहेब म्हणाले, "तिला आठवड्यातून दोनदा लागतं रे."

शुक्रवारी त्यांनी सही केली. पण त्याआधी देशमान्यांपुढे एक अट ठेवली, इतक्या वर्षांतली पहिली. अक्षयला कंपनीत घ्या, परमनंट. देशमाने लगेच हो म्हणाले. त्यांच्या मनावरचाही भार उतरला असावा. दहा विहिरींवरचे दहा डबे काढून आणायला साहेब स्वतः गेले, गावोगाव, अक्षयला घेऊन. कलिंगडवाल्या शेतकऱ्याने डबा द्यायला नकार दिला तेव्हा साहेबांनी हात जोडले. केडगावच्या शेडला कुलूप लागलं, आणि ते डबे लॅबच्या कपाटात गेले ते तिथेच राहिले. कंपनीने त्यांचं पुढे काही केलं नाही. करायचंही नव्हतं, फक्त बाहेर नको होते.

काकूंना हे कळलं ते मंगळवारी. त्या डायलिसिसला जायलाच तयार होईनात. मला साहेबांचा फोन आला, "तू ये, तू समजाव." मी गेले तर काकू पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. म्हणाल्या, "माझ्या नावावर त्या पोराचं वाटुळं केलं ह्यांनी. मला इचारलंबी न्हाई. मी काय मागितलं हुतं का?" साहेब दारात उभे होते, हातात काकूंची चप्पल घेऊन. "सुमन, बस्स, आता चल," एवढंच म्हणत होते, पुन्हा पुन्हा. दोन तास उशिरा त्या उठल्या. रिक्षात त्या माझ्या बाजूला बसल्या, साहेब पुढे ड्रायव्हरजवळ.

साहेबांना बढती मिळाली. काचेची केबिन, एसी, दारावर नाव. लॅब काचेतून दिसायची, पण आवाज आत यायचा नाही. बेंचवर काम करणं त्यांच्या पदाला शोभत नाही असं त्यांना सांगण्यात आलं. टपरीवरचा दरबार बंद झाला. पोरं काही दिवस येत राहिली, वाट बघून जायची. मी त्याच महिन्यात राजीनामा देऊन पुण्याला निघून गेले, त्याच फ्लॅटवाल्या कंपनीत. लोक म्हणाले, धाडसी मुलगी. धाडस कसलं डोंबलाचं? रोज त्या काचेकडे बघवत नव्हतं.

अक्षय परमनंट झाला. हे मी पुण्यात ऐकलं, आणि पुढच्या मे महिन्यात त्याची लग्नपत्रिका आली. तीच मुलगी. मी गेले. नेवाशाजवळचं मोठं मंगल कार्यालय, दुपारचा मुहूर्त, पंखे घरघरत होते. साहेब पुढच्या रांगेत बसलेले, डोक्याला फेटा बांधलेला. काकू नव्हत्या आल्या, शुक्रवार होता. मी जाऊन शेजारी बसले. ते म्हणाले, "पुण्याला बरं आहे ना?" मी म्हटलं, "हो." "पगार वेळेवर होतो?" "होतो, साहेब." 

अक्षता पडल्या आणि मामांनी माइक हातात घेतला. "मंडळी, ज्यांच्यामुळं आज आमचा जावई परमनंट झाला, ज्यांनी त्याला गेटाच्या आत घेतला, त्या ठुबेसाहेबांनी स्टेजवर यावं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब जागचे हलेनात. दोघा-तिघांनी दंडाला धरून त्यांना वर नेलं. शाल, नारळ. नवरा-नवरी वाकली. अक्षयचे हात पायांपर्यंत पोचायच्या आत साहेबांनी त्याला खांद्याला धरून अडवलं. मी स्टेजच्या पायरीशी होते, मला ऐकू आलं. "नको रे. माझ्या नको पडू पाया. काय केलंय मी तुझं, तुला माहीत आहे."

अक्षय वाकलेल्या अवस्थेतच हसरा चेहरा ठेवून म्हणाला, "सर, फोटो काढतायत."

साहेबांनी समोर बघितलं. फोटोग्राफर एका गुडघ्यावर बसलेला, एक डोळा मिटलेला. "साहेब, मुलाला वाकू द्या. आणि हात वर, हात. आशीर्वादाचा." अक्षय वाकला. साहेबांनी हात वर केला, आणि फोटोग्राफर "झालं" म्हणेपर्यंत तो तसाच धरून ठेवला.